जिम मार्टिन, गॅलिपोलीचा चौदा वर्षांचा शिपाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला आणि अँझॅक दिवस (२५ एप्रिल, ऑस्ट्रेलियाचा युद्धस्मृतिदिन) जवळ आला की जिमबद्दल विचारणा सुरू होते. मेलबर्न-सिडनीकडच्या मराठी पालकांना मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती हवी असते. तुर्कस्तान फिरून आलेल्यांना गॅलिपोलीतल्या लोन पाइन स्मारकाच्या भिंतीवर वाचलेल्या नावाबद्दल कुतूहल असतं. काहींनी तर फक्त 'चौदा वर्षांचं पोर लढाईत गेलं म्हणे' एवढंच ऐकलेलं असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे किचकट. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जिम मार्टिन कोण होता? दोन-चार ओळींत सांगा.

पूर्ण नाव जेम्स चार्ल्स मार्टिन, घरचे जिम म्हणत. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लढताना मरण पावलेल्यांपैकी ज्यांचं वय माहीत आहे, त्यांतला हा सर्वांत लहान मानला जातो. जन्म ३ जानेवारी १९०१ चा. १२ एप्रिल १९१५ रोजी, वय १८ सांगून तो ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्समध्ये भरती झाला. शिपाई क्रमांक १५५३, बटालियन २१ वी. सप्टेंबर १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या खंदकात पोचला आणि २५ ऑक्टोबर १९१५ च्या संध्याकाळी इस्पितळ-जहाजावर मरण पावला. तेव्हा त्याचं वय १४ वर्षं ९ महिने होतं.

२. घर कुठलं? घरची परिस्थिती कशी होती?

जन्म न्यू साउथ वेल्समधल्या टोकमवॉल या मरे नदीकाठच्या गावचा. पुढे कुटुंब मेलबर्नच्या हॉथॉर्न भागात स्थिरावलं. वडील चार्ल्स मूळचे न्यूझीलंडचे. त्यांचं आडनाव आधी मार्क्स होतं. ज्यू म्हणून त्रास होऊ नये यासाठी त्यांनी ते मार्टिन केलं, असं सांगतात. किराणा दुकान, मिळेल ते हातकाम, मजुरी, घोडागाडी हाकणं असं काय काय त्यांनी केलं. आई अमेलिया. सहा मुलांत जिम तिसरा आणि पाच बहिणींत एकटा मुलगा. शाळा सुटल्यावर तो शेतावर कामाला लागला होता, म्हणून भरतीच्या कागदावर धंदा शेतमजुरीचा आहे. चौदाव्या वर्षी कमावता होणं तेव्हा त्या थरातल्या घरांत काही नवलाचं नव्हतं. हे लक्षात ठेवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी कळतात.

३. अँझॅक म्हणजे काय, आणि ऑस्ट्रेलियाची मुलं तुर्कस्तानात कशाला गेली?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या एकत्रित सैन्यदलाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे अँझॅक. ब्रिटन युद्धात उतरलं की वसाहती आपोआप उतरत. ऑटोमन तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने होता. दार्दानेल्सची सामुद्रधुनी ताब्यात घ्यायची, कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) धडक मारायची आणि रशियाकडे जाणारा समुद्रमार्ग मोकळा करायचा, असा बेत होता. नौदलाला ते जमलं नाही, म्हणून २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोली द्वीपकल्पावर फौजा उतरवल्या. किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्टीत त्या आठ महिने अडकून पडल्या, आणि २० डिसेंबर १९१५ च्या पहाटेपर्यंत अँझॅक फौजांच्या ताब्यातला भाग गुपचूप रिकामा करण्यात आला. तोवर ८,००० हून अधिक ऑस्ट्रेलियन मेले होते.

जिमच्या बाबतीत तारखांचा क्रम महत्त्वाचा आहे. तो भरती झाला १२ एप्रिलला, म्हणजे पहिली फौज गॅलिपोलीवर उतरण्याच्या तेरा दिवस आधी. आपण कुठे जाणार हे त्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. २८ जूनला तो बोटीवर चढला तेव्हा मात्र मेलबर्नच्या वर्तमानपत्रांत मृतांच्या याद्या रोज छापून येत होत्या.

४. चौदा वर्षांच्या मुलाला सैन्याने घेतलंच कसं? कागदपत्रं बघत नव्हते का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. नियम असा होता : २१ पूर्ण असेल तर स्वतःच्या सहीने भरती, आणि १८ ते २१ मध्ये असेल तर आई-वडिलांची किंवा पालकाची लेखी संमती. जन्माचा दाखला दाखवण्याची सक्ती नव्हती. भरतीचा छापील अर्ज म्हणजे प्रश्नांची यादी. नाव काय, जन्म कुठला, ब्रिटिश प्रजाजन आहात का, वय किती, धंदा काय, लग्न झालंय का, पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का. समोरचा सांगेल ते कारकून लिहून घेई आणि खाली शपथेवर सही करायला लावी. वयाच्या रकान्यात १८ लिहिलं की ते अठराच.

मग डॉक्टरची तपासणी. उंची, वजन, छाती, दात, नजर. यात जो बसेल तो चालला. शेतावर राबलेलं, उंचेपुरं पोर तिथे सहज खपून जाई. शिवाय जिमने कॅडेट म्हणून कवायत केलेली होती (प्रश्न ६), त्यामुळे उभं कसं राहायचं, उत्तर कसं द्यायचं हे त्याला येत होतं.

डॉक्टर आणि कारकून डोळेझाक करत होते का? काही जण नक्कीच करत असणार. भरती वाढवायची होती. १९१४ च्या ऑगस्टमध्ये किमान उंची ५ फूट ६ इंच लागत होती, ती १९१५ च्या जूनमध्ये ५ फूट २ इंचांवर आणली गेली. पण सगळा दोष टेबलामागच्या माणसावर ढकलणं सोपं आहे. वय सिद्ध करण्याची जबाबदारी कुणावरच टाकलेली नव्हती, खरी मेख तिथे आहे.

५. आई-वडिलांनी संमती कशी काय दिली?

वडील चार्ल्स स्वतः भरतीला गेले होते आणि त्यांना नाकारलं गेलं. ते हिरमुसून घरी आले तेव्हा जिम म्हणाला, 'असू द्या बाबा, मी जातो', अशी हकिकत त्या घरात चालत आली आहे. सुरुवातीला आई-वडील दोघांनीही विरोध केला. तेव्हा पोराने शेवटचं हत्यार काढलं : तुम्ही हो म्हणाला नाहीत तर पळून जाईन, खोट्या नावाने भरती होईन आणि एकही पत्र पाठवणार नाही.

हे नुसतं धमकावणं नव्हतं. खोट्या नावाने भरती होणारे त्या काळी पुष्कळ होते. असा मुलगा मेला तर तार भलत्याच नावाने निघते, घरच्यांना पत्ताही लागत नाही. अमेलियासमोर पर्याय दोनच उरले. जाऊच न देणं, हा त्यात नव्हता. पोर खऱ्या नावाने गेलं तर निदान पत्रं येतील, एवढाच काय तो फरक. तिने संमती लिहून दिली. आज आपण 'कसली आई ही' म्हणून मोकळे होतो, ते मला पटत नाही. हट्टाला पेटलेलं चौदा वर्षांचं पोर ज्यांनी घरात सांभाळलंय त्यांना तिची कोंडी लगेच कळेल.

नंतर त्याला परत बोलावता आलं नसतं का? आलं असतं. खरं वय कळवून मुलाला परत मागणारे पालक होते आणि अशा मुलांना घरी पाठवलंही जाई. पण मग तीच धमकी खरी होण्याची भीती उरतेच.

६. शाळकरी मुलांना तेव्हा लष्करी शिक्षण होतं असं वाचलं. खरं आहे का?

हो. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी १९११ पासून सक्तीचं लष्करी प्रशिक्षण सुरू झालं. १२ ते १४ वर्षांचे मुलगे ज्युनियर कॅडेट, १४ ते १८ चे सीनियर कॅडेट, त्यापुढे नागरी सेना. जिम या दोन्ही पायऱ्यांवर होता. कवायत, निशाणबाजी, गणवेश हे सगळं त्याच्या पिढीच्या मुलांना शाळेच्या पाटीइतकं ओळखीचं होतं. १९१५ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना युद्ध हे 'मोठ्यांचं काम' वाटत नव्हतं, याचं एक कारण हे आहे.

७. प्रशिक्षण सक्तीचं, मग युद्धावर जाणंही सक्तीचं होतं का?

नाही. १९०३ च्या संरक्षण कायद्याने सक्तीच्या सैनिकांना देशाबाहेर लढायला पाठवता येत नव्हतं. म्हणून परदेशासाठी वेगळी, पूर्णपणे स्वेच्छेने भरती झालेल्यांची फौज उभी केली. पन्नास लाखांहून कमी लोकवस्तीच्या देशातून चार लाखांवर माणसं भरती झाली आणि साठ हजारांवर मेली. सक्ती आणण्यासाठी २८ ऑक्टोबर १९१६ आणि २० डिसेंबर १९१७ असे दोनदा सार्वमत घेतलं. दोन्ही वेळा जनतेने नाही म्हटलं.

पगाराचंही विचारतात. ऑस्ट्रेलियन शिपायाला दिवसाला सहा शिलिंग मिळत, ब्रिटिश पायदळाच्या शिपायाला एक. शेतमजूर पोराला सहा शिलिंग ही मोठी रक्कम होती. जिमने पैशासाठी भरती केली असं म्हणायला मात्र काही आधार नाही.

८. मेलबर्नहून गॅलिपोलीला तो पोचला कसा?

२८ जून १९१५ रोजी बेरिमा जहाजातून तो मेलबर्नहून निघाला. २१ वी बटालियन मे महिन्यातच पुढे गेली होती. जिम त्यांच्या पहिल्या जादा तुकडीत, म्हणजे मागाहून पाठवलेल्या कुमकेत होता. इजिप्तमध्ये तो बटालियनला मिळाला. ऑगस्टच्या अखेरीस अलेक्झांड्रियाहून साउथलँड नावाच्या जहाजात सगळ्यांना चढवलं. २ सप्टेंबरच्या सकाळी, लेम्नॉस बेट जवळ आलेलं असताना, यूबी-१४ या जर्मन पाणबुडीने साउथलँडवर पाणतीर मारला.

गंमत अशी की जहाज बुडालं नाही. काही सैनिक स्वतः पुढे होऊन बॉयलरमध्ये कोळसा ओतायला खाली उतरले आणि जहाज कसंबसं त्याच बेटावरच्या मुद्रॉसच्या बंदरात नेऊन किनाऱ्याला टेकवलं. पण तोवर चाळीसच्या आसपास माणसं मेली होती. त्यांत सहाव्या ब्रिगेडचे प्रमुख कर्नल लिंटन हेही होते. जिम चार तास पाण्यात होता, मग त्याला बाहेर काढलं. सात सप्टेंबरच्या रात्री निघून आठच्या पहाटे ते गॅलिपोलीवर उतरले.

९. खंदकात त्याने केलं काय? किती शत्रू मारले?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येईल अशी नोंदच नाही. पहिल्याचं देता येतं. २१ वी बटालियन कोर्टनीज पोस्ट आणि वायर गली या भागात होती. ऑगस्टमधल्या मोठ्या चढाया आटोपल्या होत्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे मोठी लढाई झाली नाही. पहारा, खोदकाम, पाण्याचे डबे आणि दारूगोळा वर वाहून नेणं, सुरुंगाच्या भुयारांवर कान ठेवणं आणि डोकं वर न काढणं, असं ते आयुष्य. तुर्की खंदक किती जवळ होते, तर जिमनेच ९ ऑक्टोबरच्या पत्रात लिहिलंय : सुमारे ७० यार्डांवर. म्हणजे पासष्ट मीटरही नाही. क्रिकेटच्या मैदानात मधोमध उभं राहिलं तर सीमारेषा साधारण तेवढ्यावर असते.

जेवणात डब्यातलं खारवलेलं मांस, दगडासारखी बिस्किटं आणि जॅम. बिस्किट इतकं कडक की काही जण ते ठेचून पाण्यात भिजवत. जॅमचा डबा उघडला की माशांचं मोहोळ त्यावर बसे. एका हाताने माशा हाकलायच्या आणि दुसऱ्या हाताने घास तोंडात टाकायचा, तरी एखादी आत जायचीच. याच माशा बाजूच्या उघड्या शौचखड्ड्यांवर आणि मधल्या पट्टीत पडलेल्या प्रेतांवर बसून आलेल्या असत. पिण्याचं पाणी बोटींतून बाहेरून आणत आणि मोजून देत. हात धुणं ही चैन होती.

१०. तो गोळी लागून मेला ना?

नाही. आंतरज्वराने, म्हणजे विषमज्वराच्या जातीच्या तापाने. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला मुदतीचा ताप म्हणतात तो. ऑक्टोबरमध्ये पाऊस पडून खंदकांत चिखल झाला, थंडी वाढली, जिम आजारी पडला आणि तरी जागेवरच राहिला. २५ ऑक्टोबरला त्याला ग्लेनार्ट कासल या इस्पितळ-जहाजावर हलवलं. दुपारी पाचच्या सुमारास तो जहाजावर आला तेव्हा पार गळून गेला होता. त्याला अंथरुणावर घेतलं, उपचार सुरू केले. मेट्रन (मुख्य परिचारिका) फ्रान्सेस रेडॉक यांनी नंतर त्याच्या आईला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की आता बरं वाटतंय असं तो म्हणाला, सगळ्यांचे नीट आभार मानले आणि झोपायला वळला. संध्याकाळी ६.४० ला हृदय बंद पडून तो गेला. जहाजावर चढल्यापासून दोन तासही झाले नव्हते.

अशी पत्रं आईचं दुःख हलकं व्हावं म्हणून जरा मऊ हाताने लिहिली जात, हे खरं. पण मेट्रनने वेळ आणि प्रकृती स्पष्ट लिहिली आहे. म्हणून ते नुसतं सांत्वन नाही, चांगली साक्षही आहे.

'शत्रूशी झुंजताना धारातीर्थी' अशी वाक्यं त्याच्याबद्दल फिरतात, ती चूक आहेत. माझ्या मते हाच त्याच्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. शरद ऋतूत गॅलिपोलीहून जे हजारो सैनिक बाहेर काढले गेले त्यांत बहुतेक जखमी नव्हते, आजारी होते. जिमला तुर्कांनी मारलं नाही. घाण पाणी, माशा आणि उशिरा गाठलेलं इस्पितळ यांनी मारलं.

११. तेव्हा टायफॉइडची लस होती, मग ती दिली नव्हती का?

लस होती आणि ऑस्ट्रेलियन फौजेत ती टोचतही असत. पण तेव्हा ज्याला सरसकट आंतरज्वर म्हणत, त्यात टायफॉइड आणि त्याचे भाऊबंद पॅराटायफॉइड ए आणि बी असे तिन्ही येत. सुरुवातीची लस टायफॉइडपुरती होती. तिन्ही प्रकारांवरची एकत्रित लस नंतर आली. शिवाय अतिसाराने आधीच खंगलेल्या शरीराला लस कितीशी पुरणार? प्रतिजैविकं तर यायला अजून काही दशकं होती. उपचार म्हणजे शुश्रूषा, पातळ आहार आणि विश्रांती, आणि तीही वेळेत मिळाली तर.

१२. त्याची पत्रं आहेत का? त्यात काय लिहिलंय?

आहेत, कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन युद्ध स्मारकाच्या संग्रहात. चारचौघांसारखी आहेत आणि तीच त्यांची गंमत. मी मजेत आहे, काळजी करू नका, सगळ्यांना आठवण सांगा. मधेच एक तक्रार येते : व्हिक्टोरिया सोडल्यापासून मला एकही पत्र मिळालेलं नाही. तो मात्र नियमाने लिहीत होता.

घरचे लिहीत नव्हते असं नाही. मेलबर्नची टपाल इजिप्तला, तिथून बटालियन जिथे असेल तिथे, मग लेम्नॉस, मग किनारा, अशी फिरत फिरत जाई. जादा तुकडीतल्या शिपायाची तर हमखास चुकत. आईला खोट्या नावाची धमकी देताना त्याने पत्रांचंच हत्यार वापरलं होतं (प्रश्न ५). शब्द त्याने पाळला. त्याच्यापर्यंत मात्र काहीच पोचलं नाही.

१३. काही ठिकाणी 'त्याचं जहाज बुडून तो मेला' असं वाचलं. कुठलं खरं?

दोन जहाजांची गल्लत आहे. साउथलँडवर पाणतीर पडला तेव्हा जिम त्यावर होता आणि वाचला (प्रश्न ८). ज्या ग्लेनार्ट कासलवर तो मरण पावला, ते जहाज त्याच्या वेळी शाबूत होतं. तेच जहाज २६ फेब्रुवारी १९१८ रोजी ब्रिस्टल खाडीत जर्मन पाणबुडीने बुडवलं. १५० हून अधिक माणसं मेली, त्यात डॉक्टर आणि परिचारिकाही होत्या. रेड क्रॉसची खूण आणि दिवे लावलेलं इस्पितळ-जहाज होतं ते. जिमच्या मृत्यूशी त्याचा संबंध नाही.

१४. गॅलिपोलीत भारतीय सैनिक होते का? आणि मराठी?

भारतीय होते, आणि ऑस्ट्रेलियनांच्या अगदी शेजारी. २५ एप्रिलला उतरलेल्यांत जेकब्ज माउंटन बॅटरी ही भारतीय डोंगरी तोफखान्याची तुकडी होती. खेचरं हाकणारी भारतीय वाहतूक तुकडी तर अँझॅकची जीवनवाहिनीच. रात्री त्या उभ्या घळ्यांतून पाणी आणि दारूगोळा वर चढवणारे तेच. शीख, गुरखा आणि पंजाबी पलटणीही या मोहिमेत होत्या. एकूण पंधरा हजारांच्या पुढे भारतीय इथे होते. भारतीय शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला ११ रुपये होता. प्रश्न ७ मधल्या सहा शिलिंगांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

मराठा पलटणी मात्र त्या वर्षी दुसऱ्या आघाडीवर होत्या, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये). १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या ब्रिटिश फौजेने शरणागती पत्करली आणि हजारो भारतीय तुर्कांचे कैदी झाले. म्हणजे आमच्या पणजोबांची लढाई त्याच शत्रूशी होती, पण गॅलिपोलीत नव्हे. 'आमच्या गावचे अमुक गॅलिपोलीत होते' अशी माहिती हाती असेल तर आधी पलटण तपासा. बहुधा बसरा-बगदादच निघतं.

आणखी एक खरा धागा आहे. १९१६ पासून ऑस्ट्रेलियाच्या पाचशेहून अधिक लष्करी परिचारिकांनी भारतात काम केलं. मुंबई, पुणे आणि देवळालीच्या युद्ध-इस्पितळांत मेसोपोटेमियाहून आलेल्या जखमी आणि आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांनी केली.

१५. जिम खरोखरच सर्वांत लहान होता का?

'ज्ञात असलेल्यांत' हे दोन शब्द लावल्याशिवाय हे विधान करू नये. वय खोटं सांगणारे, नाव बदलणारे आणि मागे कुणी विचारपूस करणारं नसलेले किती होते, याची मोजदाद अशक्य आहे. जिमचं वय कळतं कारण जन्माची नोंद आहे, खरं नाव आहे आणि कुटुंबाने कागद जपले. नाव बदलून गेलेला तेरा वर्षांचा कुणी अनाथ मुलगा असता तर आजही तो १८ चाच राहिला असता.

उलट्या बाजूने फसगतही होते. बेल्जियममध्ये जॉन काँडन या आयरिश शिपायाच्या थडग्यावर वय १४ कोरलंय आणि हजारो लोक तिथे फुलं वाहतात. नंतर सापडलेल्या कागदांवरून तो १८ च्या आसपासचा असावा असं अभ्यासक सांगतात. ऑस्ट्रेलियापुरतं बोलायचं तर लोन पाइनच्या लढाईत ऑगस्ट १९१५ मध्ये पडलेला जॅक हॅरिस १५ वर्षांचा होता.

१६. गाढवावरून जखमी आणणारा तो हाच का?

नाही. तो जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक, जन्माने इंग्लंडचा, वय २२, स्ट्रेचर वाहणारा. १९ मे १९१५ ला मारला गेला, तेव्हा जिम अजून ऑस्ट्रेलियात कवायत करत होता. दोघांची गोष्ट एकाच धड्यात येते म्हणून मुलं गोंधळतात. जाता जाता : सिम्पसनचा मुक्काम भारतीय खेचरवाल्यांच्या तळावर असे आणि ते त्याला बहादूर म्हणत.

लोन पाइनच्या लढाईतही जिम नव्हता. ती ६ ऑगस्टला सुरू झाली. त्याचं नाव लोन पाइनला आहे ते वेगळ्या कारणाने. पुढचा प्रश्न पाहा.

१७. त्याची कबर कुठे आहे? आम्ही गॅलिपोलीजवळच्या चनक्कलेला जाणार आहोत.

कबर नाही. त्याला समुद्रात विसर्जित केलं. ज्यांना थडगं नाही किंवा ज्यांना समुद्रातच निरोप दिला, अशा सुमारे ४,९०० जणांची नावं लोन पाइनच्या स्मारकावर कोरली आहेत; बहुतेक ऑस्ट्रेलियन, काही न्यूझीलंडचे. नावं पलटणीनुसार आहेत, म्हणून २१ वी बटालियन शोधा आणि त्याखाली मार्टिन. एजेआबातहून गाडीने जाता येतं. २५ एप्रिलला जायचं असेल तर खूप आधी ठरवा, त्या दिवशी पहाटेच्या कार्यक्रमाला प्रचंड गर्दी असते. एरवी मे किंवा सप्टेंबरात निवांत बघून होतं.

मेलबर्नमध्ये असाल तर श्राइन ऑफ रिमेम्बरन्स हे युद्धस्मारक बघा आणि कॅनबेरात असाल तर युद्ध स्मारकाची कांस्याची नामावली. त्या भिंतीवर नावाशेजारी लाल पॉपीचं फूल खोचायची पद्धत आहे. गणवेशातला त्याचा फोटोही युद्ध स्मारकाच्या संकेतस्थळावर आहे. चेहरा बघितला की कारकुनाला अठरा कसे वाटले असतील, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःच सोडवावा.

१८. त्याला शौर्यपदक मिळालं का? घरच्यांना काय मिळालं?

शौर्यपदक नाही. त्या मोहिमेत असलेल्या प्रत्येकाला मिळायची ती पदकं त्याच्या वाट्याला होती : १९१४-१५ चा तारा, ब्रिटिश युद्धपदक आणि विजयपदक. मृतांच्या वारसांना नाव कोरलेली कांस्याची चकती आणि राजाच्या नावाने मानपत्र देत. या चकतीवर हुद्दा लिहीत नसत, फक्त नाव, म्हणजे जनरल आणि शिपाई सारखेच. लोक तिला कडवटपणे 'मेलेल्या माणसाचा पैसा' म्हणत.

१९. आज असं होऊ शकतं का?

ऑस्ट्रेलियात आज पालकांच्या संमतीने १७ व्या वर्षी सैन्यात जाता येतं, पण १८ पूर्ण होईपर्यंत प्रत्यक्ष लढाईत पाठवत नाहीत. वयाचा पुरावा लागतो. जगभराचं विचाराल तर बालसैनिक आजही अनेक यादवी युद्धांत आहेत, आणि त्यांच्याकडून संमतीचा कागद कुणी मागत नाही.

२०. एका नोंदीत वय १८ आणि दुसरीत १४, असं का? मूळ कागद कसे शोधायचे?

सैन्याच्या फाइलमध्ये त्याने सांगितलेलं वय आहे, १८. ते नंतर खोडून १४ केलं जात नाही, कारण ती त्या दिवशीची नोंद आहे. जन्मनोंद आणि कुटुंबाच्या माहितीवरून केलेल्या नोंदींत १४ येतं. प्रकल्पात दोन्ही लिहा आणि कुठली कशावरून, हेही लिहा. मुलांचे गुण नेमके इथेच जातात.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धातल्या सगळ्या सैनिकांच्या फाइली स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत. भरतीचा अर्ज, तपासणीचा कागद, मृत्यूनंतरचा पत्रव्यवहार, सगळं पानागणिक दिसतं. एक अडचण येते : जेम्स मार्टिन हे नाव फारच सर्वसाधारण आहे आणि शोध घेतला की डझनावारी निघतात. मधलं नाव चार्ल्स आहे याची खात्री करा आणि शिपाई क्रमांक १५५३ टाका. क्रमांकही पलटणीपलटणीत पुन्हा येत असत, म्हणून २१ वी बटालियनही जुळवून घ्या.